फक्त वर बघू नका

“इकडे बघा, इकडे! माझ्याकडे!” ओरडून ओरडून फोटोग्राफरचा घसा बसला होता. बागेतल्या झाडाखालच्या पायऱ्यांवर अख्खी बालवाडी बसवली होती, म्हणजे बसवायची होती. एक रांग बसली की दुसरी उठायची. कुणाला शू लागली होती, कुणी शेजारच्याची कॉलर चघळत होतं. बायकोने त्याला बजावलं होतं, “लग्नं घ्या, वाढदिवस घ्या, पण बालवाडी घेऊ नका.”

त्याने पुन्हा तिपाईवरच्या कॅमेऱ्याला डोळा लावला आणि तसाच थबकला. वरच्या रांगेच्या डोक्यावर, खाली झुकलेल्या फांदीला, उशीएवढं मधमाश्यांचं पोळं लोंबत होतं. काळंभोर. आणि ते हलत होतं.

ओरडावं तर मुलं किंचाळत पळणार, माश्या उठणार. गप्प बसावं तर वरच्या रांगेतला एक पठ्ठ्या टोपी उडवून झेलत होता, दरवेळी थोडी जास्त उंच.

मुख्य बाई शेजारीच उभ्या होत्या. “बाई,” तो हळूच म्हणाला, “घाबरू नका. फक्त वर बघू नका.”

बाईंनी ताबडतोब वर बघितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एरवीचा खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे, नुसती कुजबुज बाहेर आली. “मुलांनो... आता आपण मांजर व्हायचं. पाय न वाजवता फाटकाबाहेर. म्यांवसुद्धा करायचं नाही.”

आणि मुलांनी चक्क ऐकलं! बाई इतक्या हळू बोलताहेत म्हणजे काहीतरी भयंकर आहे, हे त्यांनी ओळखलं असावं. रांगेमागून रांग बाईंच्या मागे चवड्यांवर निघाली. टोपीवालाही गेला. वर उरली एकटी झिपरी. केस डोळ्यांवर, हाताची घडी.

“चल ना, बाळा,” फोटोग्राफर म्हणाला.

“माझा फोटो नाही काढला.”

“फाटकाशी काढू.”

“इथेच!” तिने आवाज चढवला. वरची काळी उशी थरथरली.

“काढतो, काढतो! माझे आई, हळू बोल.” त्याने बटण दाबलं.

“‘हस’ नाही म्हणालात.”

“हस,” तो कुजबुजला.

“मोठ्यांदा!”

तेवढ्यात एक माशी त्याच्या कानाशी गुणगुणून गेली आणि त्याचा उरलासुरला धीर सुटला. वाकून तो पायऱ्या चढला, झिपरीला काखोटीला मारलं आणि मांजर-बिंजर विसरून त्याने धूम ठोकली.

फाटकाबाहेर येऊन बघतो तर काय, अख्खी बालवाडी भिंतीला पाठ लावून ओळीत उभी! तोंडावर बोट, नजर समोर, कुणी पापणी हलवेना. ऊनसुद्धा हवं तसं पडलेलं. असा ग्रूप त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

“अहो, बघत काय राहिलात?” बाई कुजबुजल्या. “जन्मात पुन्हा अशी उभी राहायची नाहीत. काढा लवकर!”

फोटोग्राफरचा हात सवयीने गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. त्याने सावकाश वळून बागेत बघितलं. झाडाखाली, आपल्या तीन पायांवर, कॅमेरा शांत उभा होता. त्यावर एकेक माशी उतरत होती.

“मी आणते,” काखेतून झिपरी म्हणाली.