वाकड्या टाक्यांची नियमावली

सुई हातात धरल्याशिवाय माणसाचं मन शांत होत नाही, आणि शांत झालेलं मन चार लोकांना दाखवल्याशिवाय टिकत नाही. हे सत्य आमच्या इमारतीला दर वर्षी पानगळीच्या सुरुवातीला उमगतं. हवा गार होते, दिवस आखडतात, जिन्यात वाळकी पानं येऊन पडतात (ती झाडायची पाळी कोणाची, हे अजून ठरलेलं नाही), आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताने काहीतरी करावंसं वाटू लागतं. झाडणं त्यात धरलेलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या सूनबाईंनी या भावनेला रीतसर रूप दिलं. 'घरगुती शिवणकला मंडळ' आमच्याच दिवाणखान्यात भरू लागलं. सभासद बावीस. तेविसावा मी, कारण खिडकीजवळची खुर्ची माझी होती आणि सगळ्यांसमोरून उठून जायला मला संकोच वाटला. घरात पुस्तकं वाचणारा मी एकटाच, म्हणून चिटणीसपदही माझ्याकडेच आलं.

पहिल्या सहा आठवड्यांची प्रगती इतिवृत्तातून देतो. नव्या मशिनी: एकोणीस. त्यांपैकी खोक्याबाहेर आलेल्या: सात. दोरा ओवलेल्या: तीन. दोरा ओवतानाचे फोटो: चारशे अकरा. (एका मशीनवर मांजर झोपतं. त्याचे फोटो वेगळे मोजले आहेत.)

पुढे प्रदर्शन जाहीर झालं आणि एक तांत्रिक अडचण आली. मांडायला वस्तू नव्हत्या.

तळमजल्यावर एक टेलरमास्तर बसतात. तीस वर्षं एकाच मशीनवर काम. त्यांची टीप इतकी सरळ की पट्टी तपासायची असेल तर तिच्याशी लावून बघावी. दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांचे गणवेश तेच शिवायचे. दर वर्षी थंडी पडायच्या आत एक नमुन्याचा शर्ट द्यायचा, तो पसंत पडला की वर्षभराचं काम. त्यावर ते, त्यांची बायको आणि अंथरुणाला खिळलेली सासू अशी तीन माणसं जगत होती. मंडळाने मोठ्या विश्वासाने सगळं कापड त्यांच्याकडे सोपवलं. आठवड्याभरात बावीस उशांचे अभ्रे तयार झाले, आणि बावीसही नापास.

"मास्तर, हे विकत आणल्यासारखं दिसतंय," सूनबाई म्हणाल्या.

"हातानंच केलंय, ताई."

"हो, पण तुमच्या हातानं. आमच्या हातानं केल्यासारखं दिसायला हवं ना."

"म्हणजे बिघडवून देऊ?"

"बिघडवून नाही हो. जरा आपुलकी दिसू द्या."

मास्तर मापाचा माणूस. त्यांनी गळ्यातली टेप हातात घेतली. "किती सूत ठेवू आपुलकी?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. माझ्या हातून आयुष्यात कोणाच्या उपयोगी पडेल असं फारसं काही झालेलं नाही, त्यामुळे मी जरा उत्साहातच ती नियमावली लिहिली. वीतभर शिवणीत किमान तीन टाके रेषा सोडून असावेत. चारपैकी एक कोपरा जुळू नये (दोन जुळले नाहीत तर आळस दिसतो). एक गाठ वरच्या अंगाला, पाहुण्याच्या बोटाला लागेल अशी असावी. आणि एका जागी थोडं उसवलेलं असावं, म्हणजे तिथे बोट ठेवून 'अजून शिकतेय हो' असं म्हणता येतं. लिहून झाल्यावर मी ती चार वेळा वाचली. एका स्वल्पविरामाबद्दल अजूनही खात्री नाही.

मास्तरांना हे सोपं गेलं नाही. हात आपोआप रेषेवर यायचा. त्यांनी खिडकीबाहेर बघत शिवून पाहिलं, शेजारच्या न्हाव्याशी वाद घालत शिवून पाहिलं. शेवटी कापड सरकवणाऱ्या डाव्या हाताची दोन बोटं चिंधीने एकत्र बांधली, तेव्हा कुठे जमलं. त्यांच्या बायकोने एक अभ्रा उचलून उजेडात धरला.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"वरच्या काकांनी," मास्तर म्हणाले.

प्रदर्शन थाटात पार पडलं. एकूण वस्तू एकशे सेहेचाळीस, सगळ्या घरच्या. (अभ्र्यांपाठोपाठ पिशव्या आणि रुमालही खालीच शिवायला गेले होते.) पहिलं बक्षीस सूनबाईंच्या उशीला. परीक्षक म्हणून आलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकांचे डोळे पाणावले. चुकण्यातला हा निरागसपणा विकत मिळत नाही, असं त्या म्हणाल्या.

मग मास्तरांनी बोटांची चिंधी सोडली आणि नमुन्याचा शर्ट शिवायला घेतला. कॉलरपाशी टीप लहरली. दुसरा शिवला, तो खिशापाशी लहरला. तिसरा घेऊन ते दोन जिने चढून माझ्याकडे आले.

"काका, वाकडं शिवायचे नियम तुम्ही लिहिलेत. आता सरळ शिवायचे लिहून द्या."

मी कपाटातली तीन पुस्तकं चाळली. बराच विचार करून लिहिलं: 'टाका रेषेवर असावा.' मास्तरांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. "बरोबर आहे," म्हणाले, आणि खाली गेले.

दवाखान्याच्या भांडारप्रमुखांनी शर्ट फिरवून बघितला. घरी शिवल्यासारखा वाटतो, असा शेरा मारून काम दुसरीकडे दिलं.

मंडळाने हळहळ व्यक्त करणारा ठराव एकमताने मंजूर केला. (मसुदा माझा.) तेवढ्यावर न थांबता मास्तरांना प्राथमिक वर्गात मोफत प्रवेशही दिला. आता ते माझ्या शेजारी बसतात. सूनबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून सांगतात, "घाई नको, मास्तर. सवयीनं येतं." मास्तर मान डोलवतात. त्यांची प्रगती समाधानकारक आहे.

तुम्हाला आमच्या इमारतीचं हसू आलं असेल, तर येऊ द्या. फक्त हसून झाल्यावर तुमच्या सोफ्यावरची ती उशी उचला, पाहुण्यांना जी 'घरीच केली हो' म्हणून दाखवता ती. (खरंच तुम्ही केली असती, तर ती अजून मशीनच्या खोक्यात असती.) अभ्रा उलटा करा. आतली शिवण पाहुणा बघत नाही, म्हणून नियमावलीत मी ती घेतली नव्हती. ती सरळ असेल, तर ती कोणी घातली हे तुम्हाला माहीत आहे. आणि आतूनही वाकडी निघाली, तर त्या माणसाला तुम्ही काम जरा उशिरा, सवय लागल्यावर दिलंत, एवढंच.