झाकणाखालचा घाम

आमच्या अमरावतीत भाजी घेताना लोक भाव पाहतात. आमचे शेजारी देवरावभाऊ डबीचं झाकण पाहतात. प्लॅस्टिकची डबी उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि आत पाण्याचे थेंब दिसले की दुकानदाराला धरायचं, "हिले घाम कावून फुटला? फ्रिजबाहेर किती वेळ होती?"

या डबीत असतात मायक्रोग्रीन्स. म्हणजे मेथी-मुळ्याची बोटभर रोपं, कोवळी असतानाच कापलेली. हिवरखेडला भाऊंचं वावर आहे. तिथे दाट उगवलेली असली रोपं विरळणीत उपटून बांधावर फेकतात. आणि हा माणूस त्यांच्यासाठी दुकानाच्या फ्रिजमध्ये हात घालून गारवा तपासणार!

दुकानदार एकदा वैतागला. "काका, भाजी घेऊन राहिले का सोयरीक जमवून राहिले?"

"सोयरीक असती तं एवढं नसतं पाहिलं," म्हणत भाऊंनी तारीख वाचायला चष्मा काढला.

घरी नेतानाही तोच थाट. बर्फ घातलेली थंड पिशवी मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसायचं मी, आणि सिग्नलला थांबलो की हे माझ्यावरच खेकसणार, "सावली धर ना बापा!" मी काय छत्री आहे?

एकदा पाणी प्यायला आले नि आमचा फ्रिज उघडून ओरडले, "अंडे वरतं अन् भाजी खालतं? एखांदं फुटलं तं सारं भाजीवर! कोनं ठेवलं असं?" ठेवलं मीच होतं, पण मी बायकोकडे पाहिलं. त्या दिवशी मला दोन्ही वेळा फोडणी नसलेली खिचडी मिळाली.

मग चिडून विचारलंच, एवढं काय ते? तेव्हा कळलं. मागच्या उन्हाळ्यात शांतावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घोळाणा खावासा वाटला. कच्ची मेथी, कांदा, तिखट, दाण्याचा कूट, वरून तेल. बाजारात धड मेथी नव्हती, म्हणून भाऊंनी डबी आणली. झाकण न पाहता, दुपारभर स्कूटरच्या डिकीत ठेवून. वहिनी आठ दिवस दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी कच्चं खाणं बंद केलं. तेव्हापासून भाऊ डबी आणतात, आणि ती वरणात उकळून वहिनींना वाढतात.

"माह्या हातानं झालं," एवढंच म्हणाले. माझा राग कुठच्या कुठे गेला.

परवा डॉक्टरांनी परवानगी दिली. भाऊंनी मलाही बोलावलं. सकाळीच आणलेली डबी, साबणानं दोनदा धुतलेले हात, ऐन वेळी धुऊन निथळलेली मेथी. घोळाणा झाला, ताट वहिनींपुढे आलं, आणि भाऊ ते सोडेचनात.

"मले हिंमत होऊन नाई राहिली व," म्हणाले.

वहिनींनी ताट ओढून घेतलं. "एक सांगू? त्या दिवशीची मेथी खराब होती, हे मले पयल्या घासालेच समजलं होतं."

"मंग खाल्ली कावून?"

"तुमी एवढ्या उन्हाचे माह्यासाठी गावभर फिरले. कोन्या तोंडानं सांगू, खराब आहे म्हून?"

आणि त्या जेवू लागल्या. देवरावभाऊ त्यांच्या बाजूला खाली बसून लहान लेकरासारखे रडले. मी, एरवी तोंडाचा फटकळ माणूस, उठून दोघांसाठी पाणी आणलं.