विंझरला छर्‍याचा वेग मोजला त्याची गोष्ट

मापाच्या बाबतीत माझ्याशी पैज लावू नका, हराल. विंझरच्या स्टँडवर एसटी थांबली आणि बाई उतरली, की मी मशीनवरनं नुसती मान वर करून सांगते : छाती छत्तीस, बाही साडेनऊ, आणि हिला मागचा गळा खोल हवाय पण सासूपुढं बोलायची सोय नाही. एकवीस वर्षं ब्लाउज शिवतेय. वेल्ह्यापासून नसरापूरपर्यंत कुणालाही विचारा, मंगल टेलरचं तोंड वाईट, पण माप चोख.

त्यामुळं माझ्या भाचीच्या बंदुकीतनं छर्रा किती वेगानं सुटतो हे मोजायची वेळ आली, तेव्हा ते काम माझ्याकडं येणार हे उघडच होतं. निदान मला तरी ते उघड वाटलं.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, रोहिदासची मुलगी स्वप्नाली. भोरला अकरावीला आहे. कॉलेजात शेफाली मॅडम मुलींना छर्‍याची बंदूक शिकवतात, आणि ही पोरगी दहा मीटरवरनं नाण्याएवढ्या काळ्या ठिपक्यात छर्रे घालायला लागली. रविवारी पुण्यात जिल्ह्याची निवड होती. सरावासाठी मॅडमनी कॉलेजची एक बंदूक पंधरा दिवस घरी दिली. गोठ्यामागं वाळूची पोती रचून आम्ही जागा केली, आणि नेमके तिथंच छर्रे ठिपक्याखाली जायला लागले. तिनं साईट, म्हणजे नेम धरायची खूण, वर चढवली. दुसऱ्या दिवशी छर्रे आणखी खाली गेले. साईट चढवून चढवून शेवटच्या आट्याला टेकली, तरी छर्रे आपले दीड सेंटिमीटर खालीच.

"मोबाईल बगत बसती रातभर, मग हात हालायचाच," रोहिदास म्हणाला. तो दुधाचा टेम्पो चालवतो, आणि स्वतःच्या टेम्पोत बिघाड झाला तरी चूक रस्त्याची असते. पोरीच्या बाबतीत मात्र चूक पोरीचीच.

मॅडमनी फोनवर सांगितलं, "स्प्रिंग थकली असेल. सेकंदाला एकशेसाठ मीटरच्या आसपास वेग असला तर बंदूक ठीक. एकशेतीसच्या खाली असला तर बंदूक परत आणा, मी दुसरी देते. पण शुक्रवारी सहाच्या आत कळवा. सहा वाजता मला नावं पाठवायची आहेत."

रोहिदासनं लगेच निकाल लावून टाकला. "बंदूक बाद निगाली तर मी सोता तिला पुण्याला नेतो. बंदूक चांगली निगाली तर ह्यो नाद बंद. मंजूर?"

"मंजूर," स्वप्नाली म्हणाली. ती एवढंच बोलली, पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. 

वेग मोजायचं यंत्र विकत घ्यायची काही गरज नव्हती, कारण आमच्याकडं प्रशिक आहे. नसरापूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, आणि त्याला कुठलीही बंद पडलेली वस्तू दिली की त्याचं तोंड खुलतं. शुक्रवारी दुपारी तो हातभर लांब प्लास्टिकचा पाइप घेऊन आला. याला क्रोनोग्राफ म्हणतात म्हणाला.

"पाइपात उजेड ओळखणारे दोन डोळे बसवायचे ताई. छर्रा पहिल्या डोळ्यापुढनं गेला की घड्याळ चालू. दुसऱ्यापुढनं गेला की बंद. मधल्या अंतराला वेळेनं भागलं की वेग."

माझ्याकडं वरच्या वाडीवरनं धोंडाबाई आली होती. पुतण्याच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकला होता, तो न्यायला. शेरडं सांभाळणारी बाई, वयानं सत्तर, पण नजर घारीची. ती पाइपात डोकावून म्हणाली, "येवढ्याशा नळ्यातनं जायाला त्याला येळ तरी किती लागनार?"

"मावशी, तुमची पापणी एकदा लवेपर्यंत तो पन्नास वेळा जाईल."

धोंडाबाईनं मुद्दाम एकदा पापणी लववली. मीही लववली. मग आम्ही तिघं चौघं तिथं डोळे मिचकावत उभे राहिलो. खरं सांगते, इतकी वर्षं मी टाके मोजले, पण काळ असा मोजता येतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि मला ते सगळं फार आवडलं.

"फक्त दोन डोळ्यांतलं अंतर बरोबर चाळीस सेंटिमीटर पाहिजे," प्रशिक म्हणाला. "त्यात चुकलं तर सगळंच चुकलं."

"ते माझ्यावर सोड," मी म्हणाले, गळ्यातली टेप काढली, पाइपावर खडूनं दोन खुणा केल्या, आणि म्हणाले, "पाड भोकं."

पहिली गंमत पडवीतच झाली. आभाळ भरलेलं होतं म्हणून मी ट्यूब लावली. यंत्राची बटणं दाबली मात्र, आणि कुणी बंदुकीला हातही लावला नव्हता तरी पडद्यावर आकडे पळायला लागले.

"छर्रा गेला जणू," धोंडाबाई म्हणाली आणि स्वतःचं पोट चाचपून बघितलं.

प्रशिक गोंधळला, मग हसला. ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंद होते, आपल्याला दिसत नाही, पण यंत्राला दिसतं. मी ट्यूब बंद केली आणि आकडे थांबले. मग एक माशी पाइपात शिरली, तिचा वेग निघाला सेकंदाला दोन मीटर. धोंडाबाईला माशीचंच जास्त कौतुक वाटलं. "आता शेळीचा बगा," म्हणाली. तिला कसंबसं थांबवलं.

चार वाजता रोहिदास टेम्पो लावून आला. सगळ्यांना स्वप्नालीच्या मागं उभं केलं. तिनं श्वास सोडला आणि पाइपातनं पडवीच्या टोकाला ठेवलेल्या वाळूच्या पोत्यावर छर्रा मारला.

एकशेसाठ.

"अजून एक," मी म्हणाले.

एकशेएकसष्ट. मग एकशेएकोणसाठ. मग परत एकशेसाठ.

रोहिदासनं टोपी नीट केली. "बंदूक एकदम टकाटक. झालं?"

"यंत्रात काही..." मी सुरुवात केली.

"माझ्या यंत्रात काय?" प्रशिकला लागलंच ते. "चार छर्रे, चारी आकडे जवळजवळ सारखे. याहून काय पाहिजे ताई?"

"आन् अंतर तर आक्कानं मोजलंय," रोहिदास म्हणाला. "आक्काचं माप आन् चुकीचं? उगा काय बोलायचं."

 जन्मभर जे सांगत आले तेच तो मला ऐकवत होता. स्वप्नालीनं बंदूक कापडात गुंडाळली, एक घडी, दुसरी घडी, आणि कोपऱ्यात उभी केली. रडली असती तर बरं झालं असतं. ती तशीच उंबर्‍यावर जाऊन बसली. मला त्या बंदुकीचा, यंत्राचा आणि रोहिदासच्या टोपीचा भयंकर राग आला. पाच वाजून गेले होते.

तेवढ्यात ती उठली, आत गेली आणि सरावाचा कागद घेऊन आली.

"पप्पा, हे बघा. हात हलला तर छर्रे इकडं तिकडं जातात. माझे दहाच्या दहा एका रुपयाखाली झाकतील. फक्त सगळे खाली आहेत." तिनं कागदावर खरंच रुपया ठेवला. एकही भोक दिसेना. "माझा हात हलत असता तर असं झालं असतं का?"

"मंग यंत्र खोटं बोलतंय का?"

"तेच बघायचंय मला."

रोहिदासनं मॅडमना कळवायला मोबाईल खिशातनं काढला होता, तो हातातच राहिला. पोरीनं प्रशिकला एकेक विचारायला सुरुवात केली. घड्याळ बरोबर? बरोबर. भागाकार? तिनं वहीत स्वतः करून बघितला, बरोबर. डोळे पुढंमागं सरकलेत? नाहीत. मग तिनं दप्तरातनं शाळेची लाकडी पट्टी काढली. तीस सेंटिमीटरची. मला हसू आलं. म्हटलं, बाळा, चाळीसला तीसची पट्टी पुरायची नाही, माझी टेप घे.

तिनं पट्टी दोन डोळ्यांच्या मधे धरली. पट्टी संपली तिथंच दुसरा डोळा होता.

 स्वप्नालीनं पट्टी उचलून परत ठेवली. परत तेच.

"आत्या, तुझी टेप दाखव."

आता तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण सांगते. ही टेप माझ्याकडं पहिल्यापासनं आहे. वापरून वापरून तिचं सुरुवातीचं टोक झिजलं, चिंध्या झाल्या, म्हणून मी ते कधीतरी कापून टाकलं. म्हणजे माझी टेप चार इंचांपासनं सुरू होते. इंचात मोजताना माझा हात आपोआप तेवढं धरून चालतो, डोक्याला कळतही नाही. पण सेंटिमीटरची बाजू एकवीस वर्षांत मी उलटूनसुद्धा बघितली नव्हती. ब्लाउज काय सेंटिमीटरात शिवतात का? त्या बाजूची माझ्या हाताला सवयच नव्हती. टोक एका खुणेला लावलं, चाळीसच्या आकड्याला दुसरी खूण केली आणि मोकळी झाले. पहिले दहा सेंटिमीटर कधीच केराबरोबर गेले होते.

"तीस भागिले चाळीस, म्हणजे पाऊण," स्वप्नाली वहीत लिहीत होती. "एकशेसाठचा पाऊण... एकशेवीस."

"एकशेवीस म्हणजे?" रोहिदासनं विचारलं.

"म्हणजे बंदूक बाद."

प्रशिक भला मुलगा. माझ्याकडं बघून घाईघाईनं म्हणाला, "माझंच चुकलं. भोकं पाडायच्या आधी मी परत मोजायला पाहिजे होतं." आणि खोटं कशाला बोलू, एक क्षणभर मला वाटलं, असू दे, तरुण आहे, त्याला पचेल. पण स्वप्नाली माझ्याकडं बघत होती.

"त्याचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "माप माझं चुकलं."

रोहिदासनं मोठ्या बहिणीच्या तोंडून हे वाक्य बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग सहाला दहा मिनिटं कमी असताना त्यानं मॅडमना फोन लावला, आणि पोरीचं नाव दोनदा सांगितलं. फोन ठेवून तिला म्हणाला, "चल, टेम्पोत बस. दुसरी बंदूक आत्ताच आनू."

धोंडाबाई उठली. "ब्लाउज द्या माजा. पर आदी घालून बगती."

रविवारी स्वप्नाली पुण्यात तिसरी आली आणि निवडली गेली. रोहिदासनं विंझर ते नसरापूर प्रत्येक दूधवाल्याला थांबवून पेढा दिला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पेढ्याबरोबर त्यानं सगळी गोष्टही दिली, टेपेसकट.

सोमवारी दुकान उघडलं तर दारात अकरा बाया. सगळ्यात पुढं रतनबाई, हातात ब्लाउज.

"मंगल, दिवाळीचा ब्लाउज काखंत घट्ट झाला तवा तू मला काय म्हणालीस? रतने, भात कमी कर. तीन महिनं म्या भाताला शिवले न्हाई. आन् आखूड व्हती तुजी टेप!"

मी शपथेवर सांगितलं की इंचाची बाजू बरोबर आहे, माझ्या हाताला सवय आहे, ब्लाउजात काही चूक नाही. मागं उभ्या दहाजणींनी नुसत्या माना हलवल्या. शेवटी मी टेप पुढं केली, म्हटलं, बघा तुम्हीच मोजून.

"ती नगं," रतनबाई म्हणाली. "स्वप्नालीला बोलव. पट्टी घिऊन यायला सांग."

तेव्हापासून रोज संध्याकाळी कॉलेजातनं आल्यावर माझी भाची माझ्या दुकानात बायांची मापं घेते, लाकडी पट्टीनं. सरळ पट्टीनं गोल बाईचं माप येत नाही, हे मला दिसतं. पण बोलायची हिंमत होत नाही.