आरामाचं विमान

धनश्रीनं मेलबर्नहून फोनवर एवढंच म्हटलं होतं, "बाबा, दोघांचे व्हिसा आलेत, आता तिकिटांचं बघा. जरा आरामाचं विमान शोधा, आईचे गुडघे दुखतात." आरामाचं! हा एक शब्द लेकीच्या तोंडून निघाला नसता, तर आज मी नातीला मांडीवर घेऊन बसलो असतो.

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझं आयुष्य गेलं. घाईनं काही ठरवणं माझ्या स्वभावात नाही. (कारखान्यात याला 'लोंबकळत ठेवणं' म्हणायचे. जळणारी माणसं कुठंही असतातच.) मोबाईल घेऊन विमान कंपन्यांची तुलना करायला बसलो. एकीचं जेवण झकास, तर सीट अरुंद. दुसरीची सीट ऐसपैस, तर मध्येच कुठल्या तरी परक्या गावात अर्धा दिवस बसवून ठेवणार.

"हिच्यात लेगरूम जास्त आहे बघ," मी बायकोला म्हणालो.

"पायाला निराळी खोली कशाला?" मुक्ता म्हणाली. "मला नातीजवळ जायचंय."

तिकडं नातीनं मान धरली. व्हिडिओ कॉल लागला की मुक्ता काचेवरूनच तिच्या गालावर बोट फिरवायची, आणि हमखास फोन कट व्हायचा. मग ती काळ्या काचेकडं बघत बसायची. मलाही गलबलून यायचं. लगेच मी पुढची कंपनी उघडायचो.

शेवटी मुक्तानं पस्ताना ठेवला. चांगल्या दिवशी निघणं जमत नसेल, तर सामान शेजारी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघाल्यातच जमा. मात्र खरोखर निघेपर्यंत ते सामान घरात परत आणायचं नाही. गुरुवार बघून तिनं दोघांच्या बॅगा शेजारच्या गोजरबाईच्या ओसरीवर ठेवल्या. तिच्या बॅगेत झबली, टोपडी, मेतकूट. माझ्या बॅगेत दाढीचं सामान आणि झाडून सगळ्या पँटी.

"आता कसं ठरवत न्हाईत तेच बघते!"

मी तरीही ठरवलं नाही. नात पालथी पडायला लागली, आणि मी लुंगीवर बसून प्रवाशांची मतं वाचत होतो. एकजण म्हणे उशी लोण्यासारखी, दुसरा त्याच उशीला वीट म्हणे. विश्वास कुणावर ठेवायचा? रोज सकाळी दाढीला गोजरबाईच्या ओसरीवर जायचो.

"सायेब, ईमान हुकलं काय?" ती विचारायची. शेजारधर्म म्हणून मी हसायचो.

अशात हनुमंतच्या मुलीचं श्रीरामपूरला लग्न निघालं. हनुमंत म्हणजे ऑफिसातला माझा जुना जोडीदार. लुंगीवर कसं जायचं? गोजरबाई शेतात गेलेली बघून मी ओसरीवर माझी बॅग उघडली, पण कुठली पँट ते ठरेना, म्हणून बॅगच गुपचूप घरी आणली. एका पँटीसाठी, बरं का!

दारातच मुक्ता.

"हे काय आणलं?"

"पँट."

"पस्ताना माघारी आणला तुमी! जानं मोडलं तुमचं!"

"अगं, आत्ता ठेवून येतो परत."

"ती काय बाजाराची पिशवी हाय, न्यायला-आनायला?" तिनं गोजरबाईच्या ओसरीकडं बोट केलं. "पोर मोठी व्हायला लागली हो तिकडं. माझी बॅग अजून तिथंच हाय. माझं जानं मोडलेलं न्हाई."

तिनं तिथल्या तिथं धनश्रीला फोन लावला. "माझं एकटीचं तिकीट काढ. कुठलं बी." मी मागून ओरडत होतो, "लेगरूम विचार!" चहा उकळेपर्यंत तिकीट आलंसुद्धा.

मुंबईला जाऊन तिला विमानात बसवून दिलं. परतीच्या एसटीत शेजारची सीट रिकामी होती. पाय हवे तसे पसरता येत होते. रिकाम्या जागेचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मेलबर्नला पोचल्यावर मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला. नात तिच्या खांद्यावर, माझ्याकडं टक लावून बघत होती. मी घाईघाईनं विचारलं, "सीट कशी होती? उशी?"

"काय की! बसल्या बसल्या डोळा लागला."

"अगं, निदान विमान कोणतं होतं ते तरी सांग!"

मुक्तानं नातीचं टोपडं सारखं केलं आणि जरा आठवून बघितलं.

"पांढरं हुतं."