खिडक्यांवर पाणी सोडण्याबाबत

पाणी वरून खाली येतं. आदेशही वरूनच खाली येतात. दोन्ही आपापल्या वेळेला आले तर कुणाची तक्रार नसते. दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यावर एकाच वेळी आले, तर मात्र त्याला सुरळीत प्रशासन म्हणतात.

ज्याच्या डोक्यावर आले त्याला सगळे लंबूदादा म्हणत. उंची जेमतेम पाच फूट. नाव पडलं होतं हातातल्या दांडीमुळे. एकात एक बसणाऱ्या आठ नळ्यांची ही दांडी पूर्ण उघडली की चौथ्या मजल्याला टेकायची. टोकाला ब्रश, ब्रशात दोन बारीक भोकं, आणि तिथवर पाणी नेणारा करंगळीएवढा पाइप. पाइपचं दुसरं टोक रस्त्याकडेला उभ्या असलेल्या व्हॅनमधल्या टाकीला. टाकीतलं पाणी क्षार काढलेलं. लंबूदादा खाली जमिनीवर उभा, ब्रश वर काचेवर. पाणी मळ घेऊन खाली यायचं आणि काच आपली आपण वाळायची, एकही डाग न ठेवता. साबण नाही, फडकं नाही. ("पुसत नाही म्हणजे काम अर्धंच करतो," असं मत पार्किंगमध्ये चहा पीत उभ्या असलेल्या सर्व तज्ज्ञांनी वेळोवेळी नोंदवलेलं आहे.)

या कामाची सगळी मेख पाण्याच्या धारेत. घासताना धार बारीक हवी, मळ सुटला की मोठी, आणि पुढच्या खिडकीकडे सरकताना बंद. त्यासाठी दांडीला हाताशी एक कॉक होता. पण तो नावाला. खरं काम लंबूदादाचा उजवा पाय करायचा. पाइप बुटाखाली घ्यायचा आणि टाच कमीजास्त दाबायची. वर ब्रशचा आवाज बदलला की खाली पाय बदलायचा. मध्ये डोकं येत नसे, म्हणून चूकही होत नसे.

डाव्या टाचेत स्क्रू होता. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हाच माणूस शिडी लावून, बादली अडकवून खिडक्या पुसायचा. एकदा दुसऱ्या मजल्यावरून शिडीसकट खाली आला. टाच जोडली गेली, पण धास्ती बसली ती बसलीच. बल्ब बदलायला स्टुलावर चढला तरी डोळ्यांपुढे अंधारी. शेवटी बायकोनेच ही दांडी घ्यायला लावली. "तुमचे पाय जमिनीवर राहू देत म्हणजे झालं," ती म्हणाली होती. "बाकी तुम्ही खिडक्या धुवा नाहीतर ढग धुवा." दांडी हातात आहे तोवर शिडी नाही, इतकं सरळ गणित होतं. ते चुकू नये, एवढीच त्या माणसाची आयुष्याकडून मागणी होती.

आता मूळ घटना. एका सकाळी, लंबूदादा ज्या कार्यालयाच्या खिडक्या धुवायचा त्याच्या चौथ्या मजल्यावर, मधल्या फळीतल्या साहेबांची खिडकी शिपायाने हवेसाठी चार बोटं उघडली. खालून लंबूदादाने "खिडकी लावा हो!" म्हणून दोनदा ओरडून सांगितलं. शिपायाने वरून हात हलवून नमस्कार केला. ब्रश फिरला. चार बोटांच्या फटीतून जेवढं पाणी आत जाऊ शकतं तेवढं आत गेलं आणि साहेबांच्या खुर्चीच्या गादीत मुरलं. साहेब आले, बसले, फोनवर बोलले आणि उठले. त्या दिवशी ते मीटिंगच्या खोलीतून उलट्या पावली बाहेर पडले. मीटिंगमधल्या सर्वांना तो नम्रपणा वाटला, आणि दोघातिघांनी तसा उल्लेखही केला.

कार्यालय असं की तिथे कुठल्याही गोष्टीकडे दुर्लक्ष होत नाही. (दुर्लक्ष करायचं असेल तर त्याचीही स्वतंत्र फाइल उघडतात.) तिसऱ्याच दिवशी 'जलप्रवाह नियंत्रण उपसमिती' बसली. मधले साहेब अध्यक्ष. समितीने खिडकी का उघडी होती हा प्रश्न विचारात घेतला, आणि खिडकी हा विषय देखभाल विभागाचा असल्याने तो बाहेर काढून ठेवला. उरलं पाणी. पाण्यावर कुणाचं नियंत्रण आहे, असं विचारलं तेव्हा लंबूदादाने खरं ते सांगितलं.

"पायाचं, साहेब."

एका इमारतीचा जलप्रवाह एका माणसाच्या बुटाखाली आहे, हे इतिवृत्तात कसं लिहावं, हा पेच होता. शेवटी 'अनौपचारिक पादचलित व्यवस्था' असं लिहिलं आणि ती तत्काळ बंद करून पुढील नियम लागू केले:

एक. पाण्याचे तीन दर्जे राहतील: अल्प, मध्यम आणि पुरेसे. 'पुरेसे' पाणी केवळ पूर्वपरवानगीने.

दोन. पाणी सोडणे व बंद करणे ही कामे जलप्रवाह निरीक्षकच करील. दांडीधारकाने पाइपवर पाय ठेवू नये. (पाइप दांडीधारकाच्या मालकीचा होता. पायही.)

तीन. मळ सुटल्यानंतर काचेवर पुन्हा पाणी सोडणे ही दुसरी धुलाई समजण्यात येईल, आणि तिच्यासाठी वेगळी मागणी-चिठ्ठी लागेल.

निरीक्षक म्हणून रेकॉर्ड विभागातल्या बाईंना नेमलं. निवृत्तीला आठ महिने उरलेले, गुडघे दुखरे, स्वभाव लोण्यासारखा. त्यांना व्हॅनशेजारी खुर्ची, छत्री, रजिस्टर आणि शिट्टी मिळाली. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "लंबूदादा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करते, फक्त चिठ्ठी तेवढी द्या बाबा. चिठ्ठी नसली की ते माझ्यावर खेकसतात."

"द्या म्हणजे कशी देऊ बाई? दोन्ही हात दांडीला."

"मग दांडी खाली ठेवा."

दांडी खाली ठेवायची तर ती नळी नळी करून मिटायची. मिटली, चिठ्ठी लिहिली. 'अल्प' आणि 'मध्यम' बाईंच्या अधिकारात होतं. त्यांनी वेळ टाकली, नळ फिरवला. लंबूदादाने दांडी पुन्हा उघडली, काच घासली, मळ सुटला. आता मोठी धार हवी. पुन्हा दांडी मिटा, पुन्हा चिठ्ठी. 'पुरेसे' असल्याने ती घेऊन बाई लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेल्या. साहेब जागेवर असले तर अकरा मिनिटं, नसले तर साहेब येईपर्यंत. तोवर ऊन आपलं काम करत होतं. सुटलेला मळ काचेवरच वाळून पुन्हा चिकटला, पण आता कोपऱ्यात साचलेला नव्हता. सगळ्या काचेवर सारखा पसरला होता. मळ निघाला नाही हे खरं, पण त्याचं इतकं न्याय्य वाटप त्या इमारतीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

पहिल्या महिन्याचा अहवाल उत्साहवर्धक होता. पाण्याचा वापर एकाहत्तर टक्क्यांनी कमी. चिठ्ठ्या चारशे सव्वीस. धुतलेल्या खिडक्या नऊ. त्यांपैकी ज्यांतून बाहेरचं दिसतं अशा, चार. कर्मचाऱ्यांचं खिडकीबाहेर बघण्याचं प्रमाण जवळपास शून्यावर आलं, आणि ते कार्यक्षमतेच्या रकान्यात जमेला धरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थाने बाहेर ढग आलेत समजून आठवडाभर छत्री नेली. त्याला तयारीबद्दल शाबासकी मिळाली.

एकदा, फक्त एकदाच, बाई चिठ्ठी घेऊन वर गेलेल्या असताना लंबूदादाने इकडेतिकडे बघून पाइप बुटाखाली घेतला. नळ अर्धवट उघडाच होता. टाच उचलली तशी धार वर गेली, काच लख्ख झाली, आणि त्या माणसाला इतका आनंद झाला की तो एकटाच हसला. बाई परत आल्या, काच पाहिली, चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीवर सही नव्हती.

"ही कशी काय निघाली हो?"

"आपोआप."

"बरं," म्हणत बाईंनी रजिस्टरात 'आपोआप' असं लिहिलं. आणि तिथेच घात झाला.

आपोआप स्वच्छ झालेली खिडकी समितीला सहन होण्यासारखी नव्हती. याचा अर्थ प्रवाह अजून कुणाच्या तरी हाती होता. (पायाचा संशय घेण्याइतकं पुन्हा खाली वाकायला कुणी तयार नव्हतं.) सखोल विचारानंतर समिती ज्या निष्कर्षावर आली, तो कुणीही कागदावर तपासून घ्यावा, त्यात कुठे फट सापडायची नाही. पाइपमधलं पाणी वाहतं, म्हणून त्यावर नियंत्रण लागतं. बादलीतलं पाणी वाहत नाही. म्हणून बादलीत प्रवाह शून्य. प्रवाह शून्य असेल तर अनियंत्रित प्रवाहही शून्य. म्हणजे नियंत्रण शंभर टक्के. आता बादली चौथ्या मजल्यापर्यंत कशी पोचायची, हा उपप्रश्न होता, आणि त्याचं उत्तर व्यवस्थेत आधीपासून उपलब्ध होतं. त्याला शिडी म्हणतात.

हे कानावर आलं त्या दिवशी लंबूदादा घरी येऊन ताटावर नुसता बसून राहिला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"शिडी म्हणतायत."

तिने वाढायला उचललेला डाव पुन्हा भांड्यात ठेवला. मग म्हणाली, "अहो, त्यांना सांगितलंत ना टाचेचं?"

"सांगितलं. टाच त्यांच्या कार्यकक्षेत येत नाही म्हणाले."

"मग सोडा ते काम!"

"सोडून काय करू? मी धुतो त्या बाकीच्या तीन इमारतीही ह्यांचंच बघून ठरवतात." आणि मग हळूच, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "मला भीती वाटते गं."

पण ते कार्यालय हुकूमशाहीचं नव्हतं. निर्णय लादायचा नाही, सर्वांचं मत घ्यायचं, असं ठरलं. हे ऐकून लंबूदादाच्या जिवात जीव आला. तीनशे बारा माणसं. पाच वर्षं त्यांच्या खिडक्या धुतलेल्या. येताजाता ती "काय लंबूदादा, हवा कशी आहे वर?" म्हणायची. इतक्या माणसांत आपल्याला शिडीवर चढवा म्हणणारं कोण निघेल? त्याने बायकोला सांगितलं, "माणसं चांगली आहेत. मतावर गेलंय ना, मग काळजी नाही."

आणि माणसं खरंच चांगली होती. मतपत्रिका जेवणाच्या सुट्टीत फिरली. एकूण नऊ पानं. पहिल्या पानावर ठळक अक्षरात एकच प्रश्न होता: 'आपणांस खिडक्या स्वच्छ हव्या आहेत काय?' पुढे हो, नाही असे दोन चौकोन आणि सहीची जागा. उरलेल्या आठ पानांत परिशिष्टं होती. त्यातल्या 'क' परिशिष्टाच्या सहाव्या परिच्छेदात म्हटलं होतं, की 'हो' या उत्तराने दांडीपद्धती रद्द करून शिडीपद्धतीला संमती दिली असे मानण्यात येईल.

निकाल: हो, तीनशे नऊ. रजेवर, दोन. एकाने दोन्ही चौकोन सोडून खाली 'पंखा फार आवाज करतो' असं लिहिलं होतं. इतका एकमुखी कौल या कार्यालयात याआधी फक्त दुसऱ्या शनिवारच्या सुट्टीला मिळाला होता.

बाई स्वतः खाली सांगायला आल्या. त्यांच्या हातात शिट्टी होती, आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं.

"मीसुद्धा 'हो' केलं हो, लंबूदादा," त्या म्हणाल्या. "डबा उघडला होता, हात खरकटे होते, मागचा घाई करत होता. आणि स्वच्छ हव्यात का विचारल्यावर नको कोण म्हणेल? मला काय ठाऊक, आत तुम्ही आहात म्हणून." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"राहू द्या बाई," लंबूदादा म्हणाला. बाईंवर रागवावं असं त्याला फार वाटत होतं, पण जमेना.

सोमवारपासून नवी पद्धत सुरू झाली. शिडी कोणी धरायची याची तरतूद कुठल्याच परिशिष्टात नव्हती, म्हणून ती त्याची बायको धरते. दोन्ही हातांनी, मान वर करून, तो उतरेपर्यंत. तो प्रत्येक पायरीवर थांबतो, डोळे मिटतो, मग पुढची पायरी. दिवसाला तीन खिडक्या होतात, पण त्या मात्र आरशासारख्या होतात, कारण तो आता फडक्याने पुसतो. पार्किंगमधल्या तज्ज्ञांचं समाधान झालेलं आहे. चौथ्या मजल्यावर काचेपलीकडे घामाने निथळणारा, पांढराफटक चेहरा दिसला, की आतली माणसं कौतुकाने हात हलवतात, आणि त्याला ते परत हलवता येत नाहीत, कारण एका हातात फडकं असतं आणि दुसऱ्याने शिडी घट्ट धरलेली असते.

आता हे वाचून तुम्हाला त्या तीनशे नऊ जणांचा संताप आला असेल. यायलाच हवा. आठ पानं वाचायला असा कितीसा वेळ लागतो! तुम्ही स्वतः काही इतके बेफिकीर नाही. गेल्या आठवड्यात मोबाइलवर तो लांबलचक मजकूर आला होता, तो तुम्ही अंगठ्याने सरसर खाली ढकलत नेलात आणि 'मान्य आहे' वर टेकवलात, तो अर्थात पूर्ण वाचूनच. मग तुम्हाला नक्की माहीत असणार, की त्या दिवशी तुम्ही कुणाला चढवलंत, आणि त्याची शिडी खाली कोण धरून उभं आहे.