एकशे अडतिसावी टाचणी

पेटीत एकशे अडतीस टाचण्या होत्या, एकशे अडतीस चिठ्ठ्या होत्या आणि एकशे सदतीस भुंगेरे होते. तिने तीनदा मोजले. एकशे अडतिसाव्या टाचणीवर चिठ्ठीखेरीज काही नव्हते. टाचणीच्या बुडाशी चिमूटभर तपकिरी भुकटी, भुकटीत एक सुटा पाय आणि पायाशेजारी एक केसाळ अळी, जेवणावर आडवा हात मारून लवंडलेल्या पाहुण्यासारखी.

वाळलेल्या किड्यांवर जगणारी ही अळीसुद्धा एका भुंगेऱ्याचीच. बाकीचे एकशे सदतीस कुठेही शोधले तरी मिळाले असते. त्यांना अळीने तोंडही लावले नव्हते.

खाल्ला गेलेला मात्र एकुलता एक होता. दोन वर्षांपूर्वी एका टेकडीवर, कुजक्या ओंडक्याखाली तो तिला सापडला. दुसरा मिळावा म्हणून ती अकरा वेळा तिथे गेली. बाराव्या वेळी गेली तेव्हा टेकडी नव्हती. ही नवी जात आहे, असा लेख तिने लिहिला होता. परीक्षकाने उलट कळवले होते : ‘शंका आहे. डीएनए तपासा. माहीत असलेल्या एखाद्या जातीशी तो सत्त्याण्णव टक्क्यांहून जास्त जुळला, तर लेख मागे घ्या.’ लेखावर तिच्या नेमणुकीची मुदतवाढ अवलंबून होती, आणि नेमणूक सतरा दिवसांत संपत होती.

डीएनएसाठी एक पाय पुरतो. तिने श्वास रोखून तो चिमट्याने उचलला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला. लांबी दीड मिलिमीटर. मग तिने प्रयोगशाळेच्या मामांना हाक मारली.

“मामा, या पेटीतल्या डांबरगोळ्या कुठायत?”

“संडासात.”

“संडासात?”

“तपासणी समिती यायची होती ना, तेव्हा सर म्हणाले, वास मारतोय, सगळ्या पेट्यांतल्या काढा. काढल्या. टाकायच्या कुठे? संडासात ठेवल्या. समितीला संडास फार आवडला, ताई. अहवालात लिहिलंय तसं.”

“त्याला चार महिने झाले!”

“परत ठेवा असं कोणी म्हणालंच नाही.”

आवाज ऐकून विभागप्रमुख सर आत आले. त्यांनी पेटीत पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि खुर्ची ओढून ते कागदासमोर बसले.

“हे बघ, घाबरू नकोस. एकशे सदतीस आहेत ना? त्यातला एखादा काळसर उचल, त्या टाचणीला लाव. कोण बघतंय?”

“सर, परीक्षक बघणार आहेत.”

“त्यांना तरी काय कळतंय!”

“त्यांनी भुंगेऱ्यांवर चार ग्रंथ लिहिलेत, सर.”

“असं होय,” सर म्हणाले. तेवढ्यात मामा चूक सुधारायच्या घाईने धावत आले. हातात बादली, बादलीत काठोकाठ डांबरगोळ्या. ती त्यांनी थेट टेबलावर, सरांच्या नाकाखाली आदळली.

सर तीनदा शिंकले. पहिल्या शिंकेला कागद हलला. दुसऱ्या शिंकेला तिने हात पुढे केला. तिसरी पाय घेऊन तिच्या हातावरून गेली.

पुढचा दीड तास तिघेही गुडघ्यांवर होते. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला.

“आवाज का असा येतोय तुझा? रडतेयस?”

“नाही गं. टेबलाखाली आहे. माझा तो किडा गेला, आई.”

“मग दुसरा धर की! जाऊन ये त्या टेकडीवर.”

“टेकडी खाणवाल्यांनी फोडली. तिची खडी झाली.”

“अगं बाई! आणि खडी कुठे गेली?”

“रस्त्यात. मी रोज त्यावरूनच येते.”

आई म्हणाली, “काही खाल्लंस का?”

फरशीवर एकूण पाच पाय सापडले. तिने ते एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तीन मुंगीचे, एक डासाचा, एक झुरळाचा.

“मी सकाळी झाडू मारला होता हो नीट,” मामा पुटपुटले.

सर गुडघे झटकत उठले. त्यांचे लक्ष पेटीतल्या अळीकडे गेले आणि कधी नव्हे तो त्यांना संताप आला.

“हीच ना ती? थांब, बघतोच हिला.” त्यांनी अंगठा उगारला.

“सर, नको!” ती इतक्या जोरात ओरडली की मामांनी नुकतीच उचललेली बादली सुटली आणि गोळ्या खोलीभर गडगडल्या. “जेवलीये ती!”

“मग?”

“तो आत आहे, सर. तिच्या पोटात. भुकटी म्हणजे तिची विष्ठा, बाहेर कुठेच नाही तो आता. बाजूला व्हा, पचतोय तो!”

तिने अळी चिमट्यात धरली, एका लहान कुपीतल्या अल्कोहोलमध्ये बुडवली आणि गोळ्यांवरून घसरत दोन जिने उतरली. डीएनए तपासणाऱ्या बाईंनी कुपी उजेडात धरली.

“नमुना कुठाय?”

“आत.”

“आत तर अळी आहे.”

“अळीच्या आत.”

बाईंनी चष्मा काढला. “अगं, उष्टं तपासायला आणलंस?”

“दुसरं काही उरलं नाही हो.”

“काही मिळेल असं वाटत नाही मला. मिळालं तरी तुकडे मिळतील.” बाईंनी अर्जावर ‘घाईचे’ असा शिक्का मारला. “अळी परत हवीये का?”

“जेवढी उरेल तेवढी द्या.”

अळीचे कातडे तेवढे उरले. ती कुपी तिने पेटीत एकशे अडतिसाव्या टाचणीला बांधली. टाचणीवरची जुनी चिठ्ठी तशीच राहू दिली. त्यावर टेकडीचे नाव होते. पेटीच्या चारही कोपऱ्यांत तिने स्वतःच्या हाताने डांबरगोळ्या ठेवल्या. संडासाला पुन्हा वास यायला लागला, अशी तक्रार त्याच आठवड्यात सरांकडे गेली.

नेमणूक संपायला दोन दिवस असताना अहवाल आला. अळीची लांबी ४.२ मिलिमीटर. डीएनए दोन प्रकारचे. पहिला अळीचा स्वतःचा, माहीत असलेल्या जातीशी जुळणी ९९.८ टक्के. दुसरा अळीच्या पोटातला, माहीत असलेल्या जातींपैकी सर्वांत जवळच्या जातीशी जुळणी ८७.४ टक्के.