मामा कॉलेज चालवून बघतात

माझे मामा आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात गेले, तेव्हा प्राचार्यांना नमस्कार करण्याआधी त्यांनी मैदानातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मग थुंकले आणि म्हणाले, "खारी हाय. चल." प्राचार्य खिडकीतून बघत होते. आम्ही तसेच मागल्या पावली एस.टी. स्टँडवर आलो. नगरातलं ते कॉलेज माझ्यापुरतं तिथंच संपलं.

मामा म्हणजे किसनमामा, घोडेगावच्या बाजारातले बैलांचे दलाल. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मामा मला घेऊन आले आणि तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. त्यांनी लग्न केलं नव्हतं. तीन ठिकाणी मुली बघून आले होते म्हणतात, पण तिन्ही ठिकाणी जे गोठ्यात शिरले ते जेवायच्या वेळीच बाहेर आले. तिसऱ्या खेपेला नवरी ठरली नाही, खोंड ठरला.

कुठल्याही गोष्टीवर मामांचं एकच मागणं असे, "चालवून दाखवा." बैलाचं ठीक आहे, पण चपला घेतानाही ते दुकानदारालाच त्या घालून चालायला लावत. गावात नवे मास्तर आले, त्यांना मामांनी चावडीपासून शाळेपर्यंत चालवून पाहिलं आणि "डाव्या पायात कमी हाय, पर गरीब हाय" असा दाखला देऊन टाकला.

दुसरी खोड उपरण्याची. बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं जण उपरण्याखाली हात धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. मामांच्या हाडात ही सवय इतकी मुरली होती, की घरातली बोलणीसुद्धा तशीच होत. "किती भाकरी करू?" असं विचारलं की खांद्यावरचं उपरणं माझ्या हातावर पडे आणि आतून तीन बोटं दाबली जात. मी दोन दाबी. मग अडीचवर तोडगा निघे. घरात तिसरं माणूस नव्हतं. आम्ही कुणापासून लपवत होतो, देव जाणे!

पळायला मी त्या बाजारातच शिकले. दावं तोडून पळालेलं वासरू धरून आणायचं काम माझं. वर्गात बसले की पेंग यायची, आणि बाहेर सोडलं की दिवसभर पाय थांबत नसत. जिल्ह्याच्या शर्यतीत आठशे मीटरला पहिली आले, तेव्हा मामांनी ढालीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझी टाच हातात घेतली, वळवून पाहिली आणि म्हणाले, "खूर शाबूत हाय." मग मात्र ढाल घेऊन अख्ख्या बाजारात फिरून आले.

दुष्काळाच्या आदलं साल होतं. मी मॅट्रिक झाले. मुलगी कॉलेजात जाणार आणि तेही पळायला, हे कानावर आल्यावर चार शहाण्या माणसांनी मामांना समजावून पाहिलं. मामा म्हणाले, "पळतं जनावर मी घाण्याला जुपायचं व्हय?" मला त्याचा राग आला नाही. त्या बाजारात याहून मोठं कौतुक नव्हतं.

दुसरं कॉलेज तालुक्याच्या गावी. सकाळी एस.टी.नं जायचं, संध्याकाळी भाकरी थापायला घरी. मला ते मनातून फार पटलं होतं. तिथली माती मामांनी दोनदा चाखली आणि मान डोलावली. मग खेळाचे सर आले. सर स्वभावानं चांगले होते, पण गळ्यातली शिट्टी त्यांच्या पोटावर आडवी झोपलेली होती.

मामा म्हणाले, "सर, जरा चालून दाखवा."

सरांना वाटलं, यांना मैदान बघायचं असेल. ते चालले.

"आता पळून."

आणि सर खरंच पळाले! का पळाले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मामांच्या आवाजात तशी जरब होती. अर्ध्या फेरीत सर लिंबाच्या झाडाखाली मटकन बसले. मामांनी त्यांना पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "लई गरीब हाय. पर ह्ये तुला पळवनार, का तू ह्याला? चल."

कॉलेजचे फॉर्म भरायला आता चारच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी चुलीपुढं माझा तोल सुटला.

"मामा, तुमाला मला कुटंच धाडायचं न्हाई. खोट काडत बसायचं, म्हंजी मुदत टळून जाईल. व्हय ना?"

मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि पुन्हा खांद्यावर ठेवलं. त्या दिवशी भाकरीची बोलणी झालीच नाहीत. मी तीन केल्या, त्यांनी एक खाल्ली.

पहाटे मला हलवून म्हणाले, "तारे, ऊठ. पुन्याला जायचंय."

पुण्याच्या कॉलेजचं मैदान मोठं होतं आणि त्यावर मुली पळत होत्या. मामांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि अख्खी फेरी अनवाणी मारली. टाचेनं चार ठिकाणी दाबून पाहिलं. मग तांब्याभर पाणी ओतून ते मुरेपर्यंत शेजारी उकिडवे बसून राहिले. तेवढ्यात त्यांना एका मुलीच्या बुटाखाली खिळे दिसले.

खेळाच्या बाई जवळच होत्या. मामांनी विचारलं, "बाई, ह्या पोरीला पत्र्या कशापाई ठोकल्यात?"

सडकेवर चालणाऱ्या बैलाच्या खुराला लोखंडी पत्र्या ठोकतात, तसं त्यांना वाटतंय, हे मी बाईंना सांगितलं. बाई हसत सुटल्या आणि त्यांनी तो बूट मामांच्या हातात दिला. मामांनी एकेक खिळा अंगठ्यानं हलवून पाहिला.

"ह्यो ढिला हाय. लंगडंल पोर."

खरोखरच ढिला होता. बाई हसायच्या थांबल्या. मामांनी पुन्हा तोंड उघडलं, "बाई, तुमी जरा..." मी डोळे वटारले. पण बाई आपणहूनच मुलींच्या पुढं होऊन पळत सुटल्या, दोन फेऱ्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांना नीट बोलता येत होतं. मामांनी माझ्या हातातल्या चपला घेऊन पायात घातल्या आणि म्हणाले, "हितं."

प्राचार्यांनी "मग प्रवेश नक्की?" म्हणत हात पुढं केला. एवढं निमित्त पुरलं. उपरणं त्यांच्या हातावर पडलं. प्राचार्य गोंधळून माझ्याकडे बघू लागले.

येताना गाडीत मामांनी दुधाचा हिशेब मला चारदा ऐकवला होता. मी घाईनं म्हणाले, "सर, होस्टेलातल्या दुधाचं म्हणतायत. दिवसाला दोन पेले."

प्राचार्यांनी बहुधा एक बोट दाबलं असावं, कारण लगेच ते कळवळून ओरडले, "बरं बरं, दोन!"

"तोंडानं बोलू न्हाई, सायेब," मामा हळूच म्हणाले. "लोकं ऐकत्यात."

परतीच्या एस.टी.त मी म्हणाले, "तालुक्याचं घेतलं अस्तं, तर रोज घरी आले अस्ते."

मामा खिडकीबाहेर बघत होते. "मला बी तेच पायजे हुतं. म्हनून तर तिथं दोनदा माती चाखली."

चुलीपुढं जे बोलले होते ते आठवून मला माझीच लाज वाटली.

जायच्या दिवशी मामा मला घोडेगावच्या फाट्यावर पोचवायला आले. पुण्याची गाडी आली. मी पत्र्याची पेटी आत ठेवली आणि दारात वाकले, तशी मामांनी खालून माझ्या हातावर उपरणं टाकलं. एक बोट दाबलं. किती आठवड्यांनी येशील, असं ते विचारत होते. रविवारीही सराव असणार होता. मी चार दाबली. त्यांनी दोन. मी तीन.

सौदा जमला की दलाल हात सोडतो, फिसकटला तरी सोडतो. मामांनी सोडलाच नाही. त्यांचा अंगठा माझ्या तळव्यावर नुसता फिरत होता. त्या खुणेचा आकडा मला कुणी शिकवला नव्हता.

कंडक्टर म्हणाला, "पाव्हनं, सौदा झाला का न्हाई?"

मामांनी झटक्यात हात काढला आणि त्याच्यावर खेकसले, "बगताय काय? गाडी चालवून दाखवा की!"

नगर येईपर्यंत मी रडत होते.

तीन आठवडे ठरले होते. मी दुसऱ्याच रविवारी सराव बुडवून घरी गेले. मामा दारात बैलाची शिंगं साळत, तासून गुळगुळीत करत बसले होते. मला बघून म्हणाले, "येडी हायेस. ठरल्यापरीस जास्ती देतं का कुनी?"

मी चूल पेटवली आणि विचारलं, "किती भाकरी करू?"

उपरणं खांद्यावरून हललं नाही. "पीठ हाय तवर कर," मामा म्हणाले, अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.